शेवटच्या नळाचा रंग

४ मे

धाकट्या,

पत्राच्या माथ्यावर आशीर्वाद लिहायची रीत आहे. मी लिहिणार नाही. पाच महिन्यांत मी तुला एक ओळ पाठवली नाही आणि आजही पाठवली नसती. पण पांढऱ्या गाडीतून नदी ओलांडून येणाऱ्या त्या डॉक्टरबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या, तुझी चिठ्ठी हातात दिली आणि म्हणाल्या, "वाचा. मी इथेच थांबते." परकी बाई, दिवसभर लोकांच्या उलट्या पुसून आलेली. तिच्यादेखत चिठ्ठी फाडायची लाज वाटली, म्हणून वाचली.

तू विचारतोस, आमच्या बाजूच्या लाइनीचं मीटर का फिरत नाही. पाणी तर सोडतोय, मग कुणी घेत कसं नाही? वा. नदीपलीकडे, त्यांच्या पहाऱ्यात, बाबांच्याच खुर्चीत बसून तू मीटर बघतोस. पूल पडला त्या दिवशी सगळे कामगार इकडे पळून आले, एक तू तेवढा पंपाला चिकटून राहिलास. "मी गेलो तर पंप कोण चालवणार?" म्हणालास म्हणे. पंप चालवायला तुला त्यांनीच ठेवून घेतलं, हे मात्र म्हणाला नाहीस.

आता मीटर सोड आणि इकडे बघ. मी शिकवते त्या सातवीच्या वर्गात बाक नाहीत. एकोणीस खाटा आहेत. प्रत्येक खाटेच्या कापडाला मधोमध भोक आहे आणि भोकाखाली बादली. माणसाला उठवत नाही, म्हणून ही सोय. भोकाच्या कडा उसवू नयेत म्हणून आमच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंनी त्या एकेक दुमडून शिवल्या. एकोणीस खाटा, एकोणीस भोकं. तिसऱ्या दिवशी त्यांची चार वर्षांची धाकटी त्यातल्याच एका खाटेवर होती. पाचव्या दिवशी नव्हती. बादलीत जे पडतं ते तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं दिसतं. पटकी. तुमच्या रेडिओवर त्याला 'उन्हाळी जुलाब' म्हणतात. आमच्या रेडिओवरही तेच म्हणतात. या एका बाबतीत दोन्ही सरकारांचं एकमत झालं, त्याबद्दल दोघांचं अभिनंदन.

लोक नळाचं पाणी घेत नाहीत, कारण तुम्ही ते घेण्याजोगं ठेवलं नाही. एप्रिलच्या मध्याला एका सकाळी नळ सुटला आणि गल्लीभर औषधाचा उग्र वास पसरला. चूळ भरली तर जीभ चरचरली. ना निरोप, ना सूचना. समोरच्या बाजूने पाण्यात काय ओतलंय हे लोकांनी वासावरून ओळखायचं का? लोकांनी नळाकडे पाठ फिरवली आणि शाळेच्या आवारातली विहीर उघडली. ठीकच केलं, असं मी म्हणते.

तुझी याआधीची एकही चिठ्ठी मला मिळालेली नाही.

सलाईनच्या बाटल्या आणि जलसंजीवनीची पाकिटं तुमच्या नाक्यावर अडकून पडली आहेत. तुझं तिथे वजन असेल तर ती सोडव. नसेल तर कशासाठी राहिलास ते मला समजावून सांग.

भिंगरी ठीक आहे. तुझी पोर सुट्टीत चार दिवस आजीकडे म्हणून आली आणि पूल पडला. बोटभर उंच झाली आहे. नाचरी तशीच. आई बरी आहे. झोपली आहे, म्हणून तिचा निरोप लिहीत नाही.

ताई


७ मे

धाकट्या,

तुझ्या चिठ्ठीत राग नाही, याचाच मला राग आला. तू तारखा लिहिल्यास. सोळा एप्रिलची एक चिठ्ठी, वीसची दुसरी. दोन्ही डॉक्टरबाईंनीच आणल्या होत्या आणि माझ्या हातात दिल्या होत्या, हे त्यांना आठवतं.

बरं. मिळाल्या होत्या. फोडल्या नाहीत. शाळेच्या टेबलाच्या खणात, खडूच्या डब्याखाली ठेवून दिल्या. पलीकडून आलेलं काही वाचायचं नाही, असं मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं आणि जे मी लोकांना सांगते ते स्वतः पाळते. एवढी तरी ओळख तुला माझी असावी.

तू लिहितोस, पुलाखालचा पाइप तोफेच्या माऱ्यात तडकला, शेजारून गटाराची लाइन जाते, ते पाणी आत ओढलं जातं, म्हणून तू क्लोरीन दुप्पट केलंस. असेल. तुझी बाजू तू मांडलीस, आता माझी ऐक. तुझ्या कानावर कुणीतरी घातलंच असेल, तर माझ्या तोंडून घातलेलं बरं. नळाचं पाणी घेऊ नका, असं लोकांना मी सांगितलं.

अठरा एप्रिलला शाळेच्या आवारात सभा होती. महिनाभर तुमचे भोंगे नदीकाठावरून ओरडत होते, या बाजूला या, घर देऊ, औषध देऊ. ती सभा त्याचाच निर्णय करायला होती. चाळीस कुटुंबांनी जायचं म्हणून नावं दिली होती. आणि का? सकाळी नळाच्या रांगेत मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, "पाणी तर सोडतायत बिचारे, इतके काही वाईट नसणार." बिचारे. ज्यांनी आमचं रुग्णालय पाडलं ते बिचारे.

मी हेडमास्तरांच्या टेबलावर चढले. व्हॉल्व्हमनकाकांच्या पेटीतून पाणी तपासायच्या थेंबांची, ओटीची बाटली आणि काचेची नळी मागून घेतली. सगळ्यांसमोर नळाचं पाणी नळीत भरलं, थेंब टाकले आणि नळी उंच धरली. पाणी लालसर नारंगी झालं. "हे बघा," मी म्हटलं, "हे तुम्ही तुमच्या लेकरांना पाजताय." त्यानंतर काही सांगावंच लागलं नाही. चारशे माणसं होती. एकाही कुटुंबाने नाव कायम ठेवलं नाही.

सभा संपल्यावर व्हॉल्व्हमनकाका पेटी न्यायला आले. बाबांचे जुने मदतनीस, तुला खांद्यावर घेऊन टाकीवर चढायचे तेच. तंबाखू मळत म्हणाले, "बाई, झकास बोललात. मुडदा उठून बसला असता."

"मग तोंड का असं?"

"काही नाही. ती नळी जरा कमी वेळ धरायची होती. उन्हात रंग जास्तच चढतो."

मी म्हटलं, "तुम्हाला काही म्हणायचं असेल तर सरळ म्हणा."

"मी कोण म्हणणारा? मी नळ सोडणारा. सोडू नको म्हणालात, नाही सोडणार."

तेव्हापासून अकरा सार्वजनिक नळांना त्यांनी कापड बांधून ठेवलं आहे. तुझं मीटर त्यामुळे थांबलं. कळलं?

शाळेची विहीर चांगली आहे. पाणी थंड, नितळ. कसलाही वास नाही.

आईबद्दल विचारतोस. तिच्या चष्म्याची काडी मोडली आहे, ती बसवून घ्यायची आहे. बाकी काही नाही.

ताई


१० मे

धाकट्या,

आज फार लिहायचं बळ नाही. डॉक्टरबाईंनी विहिरीचं पाणी तपासून आणलं.

त्या रागावल्या नाहीत. मला हाताला धरून विहिरीच्या काठावर नेलं आणि तिथून मागच्या भिंतीकडे पावलं मोजत चालायला लावलं. एकवीस पावलं. भिंतीपाशी चराचे संडास आहेत. फेब्रुवारीत बाहेरगावची तीनशे माणसं शाळेत राहायला आली तेव्हा खणलेले. जागा मी दाखवली होती. मैदानाच्या टोकाला खणूया असं काका म्हणत होते. मी म्हटलं, मुलींना अंधारात एवढं लांब कशाला पाठवायचं? विचार चांगला होता. माझे विचार नेहमी चांगलेच असतात.

"बाई," डॉक्टरबाई म्हणाल्या, "ही विहीर नाही. ही त्या संडासांची दुसरी खोली आहे. वरून नितळ दिसते एवढंच."

विहिरीला दोर बांधून ती बंद केली. आता लोक नदीवर जातात, बादली बुडवतात आणि गोळी लागायच्या आत परत पळतात. उकळायला सरपण नाही. बाकं जाळून संपली, नकाशाच्या काठ्यासुद्धा जळाल्या. नळ दारात आहेत, त्यांना कापड बांधलेलं आहे आणि कापडाला कुणी हात लावत नाही. काल बेकरीवाल्याने एका पोरीला नळाजवळ बघितलं तर तिच्या आईला जाऊन सांगितलं, "तिला विष प्यायचंय का?" माझा शब्द या वस्तीत असा चालतो. वीस वर्षांच्या भाषणांत कधी चालला नव्हता इतका.

आणि तू लिहितोस, मीटर फिरत नाही म्हणून पंधरा तारखेला ही लाइन कायमची बंद करा, असा तुला हुकूम आला आहे. आमची लाइन तोडली की ते पाणी सैन्याच्या छावणीला वळवणार. पंधराच्या आत नळ चालू झाले पाहिजेत आणि अकराव्या, म्हणजे शाळेजवळच्या शेवटच्या नळावर ओटी घालून काय रंग येतो ते कळवलं पाहिजे, म्हणजे औषध तिथवर पोचतं की नाही ते तुला समजेल. "ताई, तू सांगितलंस तर लोक नळाचं पाणी घेतील," असं लिहितोस. तुला वाटतं तितकं ते सोपं नाही.

एक गोष्ट घडली ती सांगते. परवा स्वयंपाकघरात गेले तर भिंगरी मोरीच्या नळाला तोंड लावून पाणी पीत होती. घरचा नळ मी अठरा तारखेपासून बंद ठेवला आहे. मी तिला पाठीत धपाटा घातला. ती रडली नाही. म्हणाली, "मी रोजच पिते. ते बाबाचं पाणी आहे. आजी म्हणाली होती, हा आपल्या घरचा वास आहे, घाबरायचं नाही."

गल्लीत सहा मुलं आजारी पडली. तुझी पोर नाही पडली. तिला मारून झाल्यावर माझ्या ते लक्षात आलं.

ताई


१२ मे

धाकट्या,

तुझी दोन ओळींची चिठ्ठी: "नारंगी म्हणजे काय हे तुला ठाऊक नाही, असं मला लिहू नकोस. आणि आधी आई कशी आहे ते लिही."

लिहिते.

आपल्याला पाटी मिळायच्या आधी बाबांनी ती काचेची नळी खेळायला दिली होती. रंगच आला नाही, तर पाण्यात औषध उरलेलं नाही, पिऊ नका. पिवळा आला, तर ठीक. नारंगी आला, तर औषध जास्त आहे. वास येईल, जीभ चरचरेल, पण मरणार कुणी नाही. कुठे पाइप फुटला की बाबा तीन दिवस नारंगीच ठेवायचे. घरात वास आला की आई म्हणायची, "आज तुमच्या बापाने हात सैल सोडलाय," आणि आपल्या पेल्यांत निर्धास्त ओतायची. हे मला ठाऊक होतं. टेबलावर उभी होते तेव्हा ठाऊक होतं. नळी उंच धरली तेव्हा ठाऊक होतं.

तुझी सोळाची चिठ्ठी मी फोडली नाही, असं लिहिलं. ते खोटं आहे. सतराला संध्याकाळी वर्गात बसून वाचली. तुझं अक्षर अजून बाबांसारखं उजवीकडे झुकतं. तू लिहिलं होतंस: "पाइप तडकलाय, मी हात सैल सोडलाय. वास येईल. लोकांना सांग, घाबरू नका आणि नळाशिवाय दुसरं कुठलं पाणी पिऊ नका. तू सांगितलंस तर ऐकतील."

खरं लिहिलं होतंस. मी सांगितलं आणि ऐकलं त्यांनी.

का केलं ते माफीसाठी सांगत नाही. तू माफ करण्याएवढा मोठा झालास असं मला अजून वाटत नाही. मी तुला एवढंच दाखवते, की माणूस कुठल्या पायरीवरून घसरतो. चाळीस कुटुंबं निघाली होती. त्यांचं रुग्णालय पाडणाऱ्यांना ती 'बिचारे' म्हणत होती, दोन हंडे पाण्यासाठी. मला वाटलं, ही वस्ती तोफांनी मोडली नाही ती आता पाण्यात विरघळते आहे. आणि ते पाणी माझा भाऊ सोडतोय. आयुष्यभर मी ठासून सांगत आले, की लबाडी हे वर बसलेल्यांचं हत्यार आहे, आपल्याला ते परवडत नाही. त्या दिवशी ते माझ्या हातात आलं आणि फार हलकं वाटलं. बोटभर काच. मी मनाशी म्हटलं, एकदाच. म्हटलं, विहीर आहेच की, कुणी तहानेने मरणार नाही. तहानेने कुणी मेलंही नाही.

अजून एक आहे, तेही सांगते. मला तुझ्यावर सूड उगवायचा होता. ते मोठ्या शब्दांत गुंडाळता येत नाही म्हणून तसंच ठेवते.

आता आई.

सभेनंतर घरी आले आणि नळाची चावी बंद केली. आई म्हणाली, "अगं, हा तर आपल्या घरचा वास. तुला कळत नाही होय?"

"कळतं."

"मग?"

मी म्हटलं, "लोक बघतात, आई. खिडकीतून सगळं दिसतं. माझ्याच घरात नळ चालू दिसला तर काय राहिलं?"

तिने रिकामा हंडा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "बरं. तुझ्या भाषणाची लाज राखायची, तर आण विहिरीचं. पोरीवर मात्र जबरदस्ती करू नकोस." मला वाटलं, पोरीच्या नावाने स्वतःची कुरकुर करते आहे. ती भिंगरीला काय सांगत होती ते मला त्या धपाट्यानंतर कळलं. स्वतः मात्र माझंच पाणी प्यायली. रोज सकाळी मी शेंदून आणलेलं. आपण खोटं बोलायचो तेव्हा ती आपल्याला पाहुण्यांसमोर कधी उघडं पाडायची नाही, आठवतं? तसंच.

एकोणतीस एप्रिलला सकाळी सातला पहिली उलटी झाली. दुपारी चारला आई संपली. शिंपीणबाईंनी शिवलेली नववी खाट. डॉक्टरबाई पलीकडे होत्या, सलाईन नव्हतं, जलसंजीवनीचं एक पाकीट होतं. ते कालवायला मी घरी पळत आले. दाराला कडी लावली, खिडकी लावली आणि मोरीच्या नळाचं पाणी घेतलं. त्या वेळी मला बरोबर सुचलं कुठलं पाणी घ्यायचं ते. पेला तोंडाशी नेल्यावर तिला वास आला. ती हसली, की ओठ वाकडे झाले, हे मला ठरवता येत नाही.

मी तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा तिला जाऊन पाच दिवस झाले होते. "झोपली आहे" असं मी लिहिलं. डॉक्टरबाईंना मी गळ घातली होती, की मीच कळवीन.

आता तुझ्या मनात येईल ते मला लिही. पण लाइन बंद करू नकोस. मी परवा टेबलावर चढते आहे.

ताई


१४ मे

धाकट्या,

डॉक्टरबाईंची गाडी तासाभरात निघेल, म्हणून घाईत लिहिते.

सकाळी सहाला काकांनी अकराही नळांची कापडं सोडली आणि नळ गटारात मोकळे केले. महिनाभर साचलेलं पाणी आधी वाहून जायला हवं होतं. मी म्हटलं, "म्हणजे मीटर फिरलं. लाइन वाचली."

काका म्हणाले, "मीटरला काय, गटार प्यालं तरी ते फिरतं. पण तुमच्या भावाने गटारासाठी हात सैल सोडलाय का? माणसांचं बघा, बाई."

दहाला सभा. अठरा एप्रिलला चारशे होते, आज दीडशे. बाकीच्यांतले काही खाटेवर, काही पलीकडे निघून गेलेले, काही मैदानाच्या टोकाला पुरलेले, जिथे तेव्हा संडास खणायला हवे होते तिथे. मी रात्रभर बसून बारा पानं लिहिली होती. युद्ध, सत्ता, जनतेचा विश्वास. टेबलावर चढताना ती कनवटीला खोचली ती बाहेर काढलीच नाहीत. मी म्हटलं, "मी त्या दिवशी खोटं बोलले. नारंगी रंग म्हणजे विष नव्हे, औषध. मला ते ठाऊक होतं. तुम्ही विहिरीचं पाणी प्यालात ते माझ्या सांगण्यावरून, आणि माझी आईही."

मग मी नळाचं पाणी प्याले. लोकांना वाटलं असेल, नाटक करते. मलाही तसंच वाटलं. टेबलावर उभं राहून पाणी प्यायलं की कुठलंही पाणी नाटकातलं होतं.

मागून कुणीतरी म्हणालं, "भावाने फितवली."

बेकरीवाला उठला. "बाई, एक सांगा. तेव्हा खोटं बोललात की आत्ता बोलताय? म्हणजे आम्ही कुठल्या दिवसाचं धरायचं?"

धाकट्या, लबाडी पटवायला मी एक काचेची नळी दाखवली आणि चारशे माणसं उठली. खरं पटवायला माझ्याकडे आईचं मरण होतं, तरी एक माणूस हलला नाही.

मग शिंपीणबाई पुढे आल्या. हातात रिकामी बादली होती. टेबलाजवळ येऊन विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"नारंगी म्हणजे काय ते?"

"ठाऊक होतं."

"माझी धाकटी पुढेच बसली होती. नळी खाली आणल्यावर तुम्ही ती तिच्या हातात दिलीत. 'धर गं, सगळ्यांना दाखव,' म्हणालात."

मी हे विसरले होते. मी त्यांना तसंच सांगितलं, "मी विसरले होते."

"हं," त्या म्हणाल्या.

त्या वळल्या, शेवटच्या नळाशी गेल्या आणि बादली लावली. वास अगदी पुसट होता. बादली भरेपर्यंत सगळे बघत राहिले. मग त्या मोठ्याने म्हणाल्या, माझ्याकडे पाठ करून, "ह्या बाईवर भरवसा ठेवून भरत नाहीये मी. माझी एक अजून शिल्लक आहे म्हणून भरतेय."

त्यांच्यामागे आधी कुणी गेलं नाही. मग एक म्हातारा गेला, मग दोघी जावा एकमेकींना ढकलत गेल्या. आत्ता दुपारी काकांनी मोजलं, पस्तीस घरांनी भरलं. उरलेली अजून नदीवर जातात.

वस्तीच्या समितीने ठरवलं, की बाईंनी यापुढे सभेत बोलायचं नाही. मी हात वर करून ठरावाला पाठिंबा दिला. मला वर्गातल्या बादल्यांचं काम दिलं आहे. चुना टाकायचा, दूर नेऊन पुरायचं, बादली ब्लीचिंगने धुवायची. जमतं.

शेवटच्या नळावर ओटी घातली: अगदी फिका पिवळा. नसल्यासारखा.

ताई


१९ मे

धाकट्या,

लाइन चालू आहे, यावरून तू आहेस हे कळतं. चिठ्ठी नाही. बरोबर आहे.

पहिला नळ पिवळा. पाचवा पिवळा. आठवा फिका. अकरावा, रंग नाही. दोनदा बघितलं. नळी भिंगरी धरते, थेंब मी टाकते, रंग तीच सांगते. माझ्या सांगण्यावर कुणी जात नाही. आठव्या आणि अकराव्याच्या मध्ये कुठेतरी गळती असणार. काका शोधतायत, पण त्या गल्लीत दिवसा गोळीबार असतो.

खाटा एकोणीसच्या चौदा झाल्या. नदीवर जाणाऱ्यांतली तीन माणसं काल नव्याने आली.

पंधरा दिवसांपूर्वी मी सांगितलं असतं तर, असं रोज बादली धुताना मोजते. महिन्यापूर्वी, असं मोजायला हवं. तिथे अजून जाववत नाही.

शेवटच्या नळासाठी हात सैल सोड. वास आला तर येऊ दे. या वेळी मी काही बोलणार नाही.

ताई


२३ मे

धाकट्या,

डॉक्टरबाई आल्या. पिशवीतून पाकिटं काढली, सलाईन काढलं, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या वाटल्या. मी उगाच बादली घेऊन जवळ उभी राहिले. त्या म्हणाल्या, "तुमच्यासाठी काही नाही." मग पिशवीतून चष्म्याची एक काडी काढली. "ही त्यांनी दिली आहे. मुलीकडे द्या म्हणाले." आईचा चष्मा मी दुरुस्त करून ठेवावा असं तुला वाटतं, की तो भिंगरीकडे राहावा असं? मी विचारणार नाही. काडी पोरीला दिली. तिनेच बसवली.

पहाटेपासून अकराव्या नळाला वास होता. रांगेत कुजबुज सुरू झाली. भिंगरीने नळी भरली, मी थेंब टाकले. नारंगी, त्या दिवसासारखाच.

रांगेतली माणसं मागे सरली. बेकरीवाल्याने हंडा उचलला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. ठरावाप्रमाणे मी गप्प राहिले. तेव्हा शिंपीणबाईंनी भिंगरीच्या हातातली नळी घेतली, उजेडात धरली आणि चौदा तारखेनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या.

"हे काय आहे? सभेतलं नको. नीट सांगा."

"पाइप फुटलाय, म्हणून औषध जास्त घातलंय. वास येईल. पोरीला चरचरेल. पण चालेल."

"तुम्ही पिता?"

"पिते."

"घरी? खिडकी लावून?"

म्हणजे तेही सगळ्यांना ठाऊक आहे.

"आता उघडी असते," मी म्हटलं.

त्यांनी बादली लावली. भरल्यावर उचलू लागायला मी हात पुढे केला, तर त्यांनी बादली दुसऱ्या हातात घेतली आणि निघून गेल्या. रांग पुढे सरकली.

एवढंच कळवायचं होतं. हात सैलच राहू दे.

ताई